देणगीपेक्षा मोठी अट

दान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा कर्ण उभा राहतो. मागणाऱ्याने मागावे आणि देणाऱ्याने पुढचामागचा विचार न करता अंगावरचे कवच उतरवून द्यावे. बळीच्या गोष्टीतही अट घालतो तो घेणारा. तीन पावले म्हणजे नेमकी केवढी, हे बळीने आधी विचारून घेतले नाही, आणि म्हणूनच तो आपल्याला आजही आपला वाटतो. दिल्यावर त्यावर हक्क सांगू नये, हिशेब मागू नये, ही आपल्याकडची दानाची नीती. या मापाने पाहिले तर पुढील पानांत ज्या घराण्याची हकीकत आली आहे ते दानशूरांच्या पंक्तीला बसेल की नाही, याची मला शंका आहे. बाल्टिमोरच्या गॅरेट कुटुंबाने जे दिले ते मोजून दिले आणि लिहून घेऊन दिले. ज्या एका देणगीमुळे त्यांचे नाव आज घ्यावेसे वाटते, ती तर ‘शर्त मोडली तर पैसे परत’ अशा कलमासकट दिलेली होती. हे कलम त्या देणगीवरचा डाग आहे, असे तिच्या काळातल्या पुष्कळ भल्या माणसांना वाटले. मला उलट वाटते. त्या पैशाने उभारलेली इमारत दुसऱ्या कोणीही उभारली असती, आज ना उद्या. ते कलम दुसऱ्या कोणी घातले नसते. म्हणून या प्रस्तावनेत मी देणगीच्या रकमेपेक्षा तिच्या अटीविषयी अधिक बोलणार आहे, आणि ती अट घालण्याची ताकद त्या घरात कोठून आली याविषयीही.

ती ताकद आली रेल्वेतून, आणि रेल्वे आली शहराच्या भीतीतून. १८२५ साली एरी कालवा पुरा झाला आणि अमेरिकेच्या अंतर्भागातला माल न्यूयॉर्ककडे वळू लागला. चेसापीक उपसागराच्या काठावरचे बाल्टिमोर हे त्या मालावरच पोसलेले बंदर. कालवा खणून डोंगर ओलांडणे जमण्यासारखे नव्हते, तेव्हा तिथल्या व्यापाऱ्यांनी १८२७ साली बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेची सनद मिळवली. अजून आगगाडी नावाची वस्तू नीट चालते की नाही हे ठरायचे होते आणि या मंडळींनी तिच्यावर आख्ख्या शहराचे नशीब लावले. रॉबर्ट गॅरेट हा याच व्यापाऱ्यांपैकी. १७८३ साली आयर्लंडमध्ये जन्मलेला आणि लहानपणीच अमेरिकेत आलेला हा गृहस्थ मोठमोठ्या छपरी घोडागाड्यांतून ॲलेगेनी डोंगरापलीकडे माल पाठवी आणि तिकडचा माल आणून विकी. पुढे त्याची पेढी सावकारीत शिरली. गाड्यांचा धंदा रेल्वे बुडवणार हे त्याला दिसत होते, आणि गॅरेटांचा पहिला गुण इथे दिसतो. बुडवणाऱ्याशी भांडण्याऐवजी त्यांनी त्याचे भाग विकत घेतले. रॉबर्टचा मुलगा जॉन वर्क गॅरेट १८५८ साली त्या रेल्वेचा अध्यक्ष झाला आणि १८८४ साली मरेपर्यंत, म्हणजे सव्वीस वर्षे, त्या खुर्चीवरून उठला नाही.

या सव्वीस वर्षांत शहर किती वाढले ते जनगणनेच्या आकड्यांत दिसते. १८५० साली बाल्टिमोरची वस्ती १,६९,०५४ होती, १८८० साली ती ३,३२,३१३ झाली आणि १९०० साली पाच लाखांवर गेली. ही सारी वाढ गॅरेटने घडवली असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पण तिचे मार्ग पुष्कळसे त्याच्या हातात होते. त्याच्या रेल्वेने एका जर्मन जहाज कंपनीशी करार केला आणि १८६८ पासून ब्रेमेनहून निघालेली जहाजे लोकस्ट पॉइंटच्या धक्क्याला लागू लागली. जहाजातून उतरलेला परदेशी माणूस थेट रेल्वेच्या डब्यात चढे. काही पश्चिमेला जात, काही गावातच राहत. आधीच्या यादवी युद्धात जॉन गॅरेट मनाने दक्षिणेकडे झुकलेला आणि व्यवहाराने उत्तरेचा, अशा अवस्थेतून लवकरच पुरता उत्तरेचा झाला, कारण त्याचा लोहमार्ग नेमका दोन्ही बाजूंच्या सीमेवरून जात होता आणि तो उखडणारे सैन्य दक्षिणेचे होते. १८६४ च्या उन्हाळ्यात दक्षिणेची फौज वॉशिंग्टनच्या रोखाने येते आहे ही बातमी त्याच्या स्टेशनांवरच्या माणसांनी आधी कळवली आणि राजधानी वाचवण्यात तिचा उपयोग झाला. युद्धाने रेल्वेला मालही दिला आणि वजनही. जाता जाता एक गोष्ट सांगतो: याच युद्धामुळे अमेरिकेचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, मुंबईत रुपयांचा पाऊस पडला आणि प्रेमचंद रायचंदांनी मुंबई विद्यापीठाला राजाबाई टॉवरसाठी पैसे दिले. दोन बंदरांची श्रीमंती एकाच आगीवर शिजत होती.

बाल्टिमोरला आणखीही दाते होते, आणि त्यांची नावे गॅरेटांपेक्षा अधिक प्रसिद्ध आहेत. जॉर्ज पीबॉडीने ग्रंथालय, संगीतशाळा आणि व्याख्याने यांसाठी संस्था काढली. जॉन्स हॉपकिन्सने १८७३ साली मरताना सत्तर लाख डॉलर ठेवले, अर्धे विद्यापीठाला, अर्धे रुग्णालयाला. ईनॉक प्रॅटने १८८२ साली दहा लाखांहून अधिक रक्कम देऊ करून सार्वजनिक ग्रंथालय उभे केले. या तिघांत एक साम्य आहे. पीबॉडी आणि हॉपकिन्स अविवाहित होते, प्रॅट निपुत्रिक होता. ज्याला वारस नाही त्याने शहराला वारस करावे, हा क्रम आपल्यालाही अनोळखी नाही. आपल्या कितीतरी धर्मशाळा आणि घाट असेच झाले आहेत. गॅरेटांचे तसे नव्हते. त्यांना मुलगे होते, पेढी होती, पुढच्या पिढीचा विचार होता. म्हणून बाल्टिमोरच्या दानाच्या इतिहासात ‘घराणे’ हा शब्द वापरायचा तर तो यांच्यापुरताच वापरता येतो, आणि घराण्याचे दान एकट्या माणसाच्या दानाहून वेगळे असते. त्यात आधी घरातली वाटणी होते, मग उरलेले बाहेर जाते. जॉन गॅरेटने पुढे एका भाषणात सांगितले की पीबॉडी आणि हॉपकिन्स यांना आपण घरी जेवायला एकत्र बोलावले आणि त्या रात्रीच्या बोलण्यातून हॉपकिन्सच्या मृत्युपत्राची कल्पना निघाली. सांगणारा स्वतःच गोष्टीतला यजमान असल्यामुळे ती थोडी तोलूनच घ्यावी. एवढे मात्र कागदावर आहे की हॉपकिन्स हा त्या रेल्वेचा मोठा भागधारक होता, विद्यापीठाला त्याने दिले ते मुख्यतः तिचे भाग, आणि ते विकू नयेत अशी इच्छाही त्याने नोंदवली. म्हणजे विद्यापीठाचे पोट गॅरेटच्या रेल्वेच्या लाभांशावर भरणार हे हॉपकिन्सनेच ठरवून ठेवले. या एका गोष्टीवर पुढचे सारे नाट्य उभे आहे, म्हणून वाचकाने ती लक्षात ठेवावी.

आता पहिला आक्षेप, आणि तो सर्वांत जड आहे. हा पैसा कोणाचा? जुलै १८७७ मध्ये मंदीचे कारण सांगून गॅरेटच्या रेल्वेने कामगारांच्या मजुरीत दहा टक्के कपात केली. ही पहिली कपात नव्हती. १६ जुलैला वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्गला गाड्या थांबल्या आणि तिथून निघालेला संप आठवड्याभरात अर्ध्या देशात पसरला. अमेरिकेतला देशभर पसरलेला पहिला मोठा रेल्वेसंप तो हाच. २० जुलैला खुद्द बाल्टिमोरमध्ये कॅमडन स्टेशनकडे निघालेल्या राज्याच्या फौजेने जमावावर गोळ्या झाडल्या आणि दहाएक माणसे मेली. संप मोडायला अखेर केंद्राचे सैन्य आले आणि कपात कायम राहिली. १८८० साली कंपनीने कामगारांसाठी आजारपण, अपघात आणि मृत्यू यांत मदत देणारी संस्था काढली. सुरुवातीचे भांडवल कंपनीने घातले, बाकी पैसा कामगारांच्याच पगारातून कापून जमे. तिचे कौतुक त्या काळी झाले आणि काही अंशी ते योग्यही होते. पण देणारा हात आणि कापणारा हात एकच होता हे विसरता येत नाही. या आक्षेपाला मी उत्तर देत नाही, कारण तो खरा आहे. मात्र त्यावरून जो निष्कर्ष काढला जातो तो मला मान्य नाही. पैसा मजुरांच्या घामातून आला म्हणून त्याचे पुढे काय झाले हे पाहण्यात अर्थ नाही, असे म्हणणारा माणूस नकळत त्या पैशाच्या सगळ्या वापरांना एका पारड्यात टाकतो. घामाचा तोच पैसा या घरात तीन मुलांत वाटला गेला आणि तीन वेगळ्या वाटांनी गेला. थोरल्या रॉबर्टने रेल्वेचे अध्यक्षपद घेतले आणि माउंट व्हर्नन प्लेसवरचा आपला वाडा वाढवत नेला. धाकट्या टी. हॅरिसनने दुर्मीळ ग्रंथ आणि नाणी जमवली. तिसरी होती मुलगी.

मेरी एलिझाबेथ गॅरेट १८५४ साली जन्मली. बापाची ती चिटणीस होती असे म्हटले तर चालेल. त्याची पत्रे लिहिणे, त्याच्याबरोबर प्रवास करणे, मोठमोठ्या रेल्वेमालकांच्या बैठकींत मागे बसून ऐकणे, हे तिने वर्षानुवर्षे केले. ही मुलगा असती तर माझे काम तिने पुढे चालवले असते, अशी खंत जॉन गॅरेट बोलून दाखवी. आपल्याकडच्या किती घरांत हे वाक्य जसेच्या तसे बोलले गेले असेल! खंत व्यक्त करणे सोपे होते, खुर्ची देणे त्याला सुचले नाही. ती रॉबर्टला मिळाली आणि तीनच वर्षांत, १८८७ मध्ये, प्रकृती ढासळून त्याने ती सोडली. १८८८ साली हॅरिसन नौकेच्या अपघातात बुडून गेला. मेरीला वारसाहक्काने मिळाले ते सुमारे वीस लाख डॉलर आणि घरे. ती अविवाहित राहिली, आणि हे तिच्या गोष्टीत दुय्यम नाही. त्या काळी लग्न म्हणजे बाईच्या मिळकतीच्या कारभारात नवऱ्याचा शिरकाव. बैठकीत मागे बसून जे शिकायला मिळाले ते वापरायचे तर सहीचा अधिकार स्वतःच्या हातात हवा, आणि तो तिने तसा ठेवला.

तिच्याभोवती चार मैत्रिणी होत्या, शुक्रवारी संध्याकाळी जमून वाचन आणि चर्चा करणाऱ्या. पाचांपैकी चौघींचे वडील हॉपकिन्सच्या संस्थांचे विश्वस्त. म्हणजे नव्या विद्यापीठाच्या गप्पा त्यांच्या जेवणाच्या टेबलावर रोज चालत आणि विद्यापीठाचे दार मात्र त्यांना बंद. त्यांच्यातली एम. केरी टॉमस १८७७ साली पदव्युत्तर अभ्यासासाठी तिथे आत घेतली गेली, पण वर्गात बसायची परवानगी नाही या बोलीवर. वर्षभरात ती बाहेर पडली आणि १८८२ साली तिने झुरिकहून सर्वोच्च श्रेणीत डॉक्टरेट आणली. विनंती, गुणवत्ता, ओळख आणि चांगले कुळ, ही सगळी साधने वापरून झाली होती आणि निरुपयोगी ठरली होती. पुढे मेरीने पैसा वापरला त्याचा न्याय करताना हा क्रम डोळ्यांपुढे असावा. १८८५ साली या पाच जणींनी मुलींसाठी ब्रिन मॉर स्कूल काढले. मेरीने त्याला पैसा दिला आणि पुढे मोठी इमारतही. तिथेही अट होतीच: ब्रिन मॉर महाविद्यालयाची प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण झाल्याशिवाय शाळेचा शेवटचा दाखला मिळायचा नाही. शहरातल्या कित्येक आयांना हे फार कडक वाटले. शाळा अजून चालू आहे.

आणि मग तो प्रसंग. हॉपकिन्सचे रुग्णालय मे १८८९ मध्ये उघडले, कारण त्याच्या वाट्याची संपत्ती वेगळ्या मालमत्तेत होती. विद्यापीठाकडे होते रेल्वेचे भाग, आणि जॉन गॅरेटच्या मागे डळमळू लागलेल्या रेल्वेने त्यांवर लाभांश देणे थांबवले. देशातले सर्वांत सुसज्ज रुग्णालय तयार, विल्यम वेल्च आणि विल्यम ऑस्लर यांच्यासारखे प्राध्यापक आलेले, आणि वैद्यकीय महाविद्यालय सुरू करायला तिजोरीत पैसा नाही! बापाने नावारूपाला आणलेली आणि भावाच्या हातून घसरलेली रेल्वे विद्यापीठाला उपाशी ठेवते, आणि त्या उपासामुळेच बहिणीला दाराशी उभे राहून बोलता येते. कादंबरीत असे लिहिले असते तर आपण ते बेतलेले म्हटले असते. मेरी आणि तिच्या मैत्रिणींनी १८९० साली स्त्रियांचा निधी सुरू केला. बोस्टन, न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, शिकागो, थेट सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत शहराशहरांत समित्या झाल्या, राष्ट्राध्यक्षांची पत्नी कॅरोलाइन हॅरिसनही त्यात आली. ऑक्टोबरात त्यांनी विश्वस्तांपुढे एक लाख डॉलर ठेवले आणि सांगितले की स्त्रियांना पुरुषांच्याच अटींवर प्रवेश द्याल तर हे तुमचे. विश्वस्तांनी पैसे घेतले, तत्त्व मानले आणि वर म्हणाले की पाच लाख जमल्याखेरीज महाविद्यालय उघडणार नाही. ‘हो’ म्हणत ‘नाही’ म्हणण्याची ही रीत कोणत्याही समितीत बसलेल्या माणसाला ओळखू येईल. पुढची दोन वर्षे निधी रखडला. शेवटी १८९२ च्या डिसेंबरात मेरी गॅरेटने पत्र लिहून उरलेले ३,०६,९७७ डॉलर स्वतः देऊ केले. आधी घातलेले ४७,७८७ धरले तर पाच लाखांपैकी साडेतीन लाखांहून अधिक एकटीचे.

त्या पत्रातल्या अटी सावकाश वाचण्यासारख्या आहेत. स्त्रियांना पुरुषांबरोबर, त्याच निकषांवर प्रवेश. बक्षिसे, पदे, मानसन्मान सर्वांत समान हक्क. महाविद्यालय पदवीनंतरचेच असावे, आणि येणाऱ्याला रसायन, भौतिक आणि जीवशास्त्र यांचे शिक्षण असावे, फ्रेंच आणि जर्मन वाचता यावे. विद्यार्थिनींच्या अभ्यासाबाहेरच्या बाबी पाहायला सहा स्त्रियांची समिती. एका इमारतीला स्त्रियांच्या निधीचे नाव. आणि या अटी संस्थेच्या वार्षिक माहितीपुस्तकात दरवर्षी छापायच्या. यातले काहीही मोडले तर रक्कम परत. शेवटच्या दोन कलमांत बापाच्या बैठकींत मागे बसलेली मुलगी दिसते. करार करणे तिला ठाऊक होते, आणि समोरचा करार विसरतो हेही ठाऊक होते. दरवर्षी छापा, म्हणजे दरवर्षी आठवेल! शिक्षणाच्या पात्रतेची अट तर तिने बाहेरून आणलीच नव्हती. वेल्चने पूर्वी कधी तरी कागदावर मांडलेला आदर्श अभ्यासक्रम तिने उचलला आणि म्हटले, हे तुमचेच, आता पाळा. त्या काळी अमेरिकेतल्या बहुतेक वैद्यकीय शाळांत शाळेचा दाखलाही नीट पाहिला जात नसे. विद्यापीठाचे अध्यक्ष गिलमन आणि वेल्च, दोघेही गोंधळले. इतके कडक केले तर विद्यार्थी येणार कोठून? आपण प्राध्यापक म्हणून आत आलो हे बरे झाले, विद्यार्थी म्हणून आपल्याला इथे प्रवेश मिळाला नसता, असे ऑस्लर वेल्चला गमतीने म्हणाला, ते याच अटींविषयी.

इथे दुसरा आक्षेप येतो: पैशाच्या जोरावर विद्यापीठाचे धोरण विकत घेणे योग्य कसे? आज बाईंनी चांगली अट घातली, उद्या दुसरा कोणी वाईट घालील. हा प्रश्न आजही जिवंत आहे आणि तो झटकून टाकू नये. पण त्यात एक गृहीत दडलेले आहे, की अट येण्याआधी त्या संस्थेचे धोरण पैशापासून मुक्त होते. तसे ते नव्हते. एका श्रीमंताने मृत्युपत्र केले, त्याने नेमलेल्या पुरुष विश्वस्तांनी स्त्रियांना बाहेर ठेवले. बाहेर ठेवणे हीही पैशाने घातलेली अटच होती, फक्त ती लिहिलेली नव्हती. मेरीने न लिहिलेल्या अटीच्या जागी लिहिलेली अट आणली. लिहिलेली अट वाचता येते, तिच्याशी भांडता येते, ती मोडल्यास विचारता येते. एवढा फरक मला पुरेसा वाटतो. शिवाय अट घालणे म्हणजे जिंकणे नव्हे. १८७८ साली मॅरियन होवी नावाच्या स्त्रीने हार्वर्डच्या वैद्यकीय शाळेला दहा हजार डॉलर याच बोलीवर देऊ केले होते. हार्वर्डने ते नाकारले, आणि तिथे स्त्रियांना प्रवेश मिळाला तो १९४५ साली. हार्वर्डला गरज नव्हती. बाल्टिमोरला होती. ज्यांना वाटते की काळ बदलत होता, दार आपोआप उघडलेच असते, त्यांनी १८९३ आणि १९४५ यांमधले अंतर मोजावे. उलट मिशिगन विद्यापीठाचे उदाहरण कोणी देईल, तर ते देणे रास्त आहे. तिथे १८७० पासून स्त्रिया वैद्यक शिकत होत्या आणि कोणा दात्याने किंमत मोजली नव्हती. ते विद्यापीठ राज्याचे, लोकांच्या कराचे होते. जिथे जाब विचारायला लोक असतात तिथे दात्याची गरज कमी पडते हे मला मान्यच आहे. अडचण अशी की त्या शतकात अमेरिकेतल्या बड्या विद्यापीठांपैकी बरीच खासगी होती, आणि तिथे जाब विचारायला भांडवलाखेरीज दुसरी जीभ नव्हती.

मराठी वाचकाला या ठिकाणी फिलाडेल्फियाची आठवण होईल, आणि ती व्हावी. आनंदीबाई जोशी यांना ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळाली ती फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून. बाल्टिमोरपासून ते दीडशे किलोमीटरच्या आसपास. स्त्रियांसाठी वेगळी संस्था हाच तेव्हाचा मार्ग होता. बाल्टिमोरमध्येही १८८२ पासून असे एक महाविद्यालय होते. वेगळ्या संस्थांनी फार मोठे काम केले. आनंदीबाईंना इतक्या दूर जाऊन शिकता आले ते अशाच संस्थेमुळे. तरीही अशा संस्थांजवळ प्रयोगशाळा कमी, रुग्णालये लहान, देणग्या तुटपुंज्या. विज्ञान महाग होत गेले तसे हे अंतर वाढत गेले. मेरी आणि तिच्या मैत्रिणींनी वेगळे घर बांधायचे नाकारले आणि मोठ्या घरात खोली मागितली, यामागे हीच समज होती. मुंबईतही याच दशकात जॉर्ज किट्रेज हा अमेरिकन व्यापारी आणि सोराबजी शापूरजी बंगाली यांनी निधी जमवला आणि ग्रँट मेडिकल कॉलेजचे दार स्त्रियांना उघडले. मोठ्या घराचेच दार ठोठावण्याचा विचार तिथेही होता.

ऑक्टोबर १८९३ मध्ये हॉपकिन्सचे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. पहिल्या वर्गात अठरा विद्यार्थी, त्यांत तीन स्त्रिया. १८९७ साली पंधरा जण पदवीधर झाले, त्यांत एक स्त्री. आकडे लहान आहेत आणि त्यांना मोठे करून सांगण्यात शोभा नाही. पण १९०० साली तिथून बाहेर पडलेल्या दोघी पाहा. डोरोथी रीड हिने १९०२ साली हॉजकिन रोगातल्या ज्या पेशीचे वर्णन केले तिला आजही तिचे नाव आहे. फ्लॉरेन्स सेबिन १९१७ साली त्याच महाविद्यालयात पूर्ण प्राध्यापक झाली आणि १९२५ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर निवडून आलेली पहिली स्त्री ठरली. स्त्रियांसमोर विकृतिशास्त्र शिकवायचे कसे या विचाराने अवघडलेल्या वेल्चनेही पुढे मोकळेपणाने मान्य केले की ज्या अडचणी मनात योजल्या होत्या त्या प्रत्यक्षात आल्याच नाहीत.

तिसरा आक्षेप मात्र मला अस्वस्थ करतो, आणि माझ्या मताच्या तो सर्वांत आड येतो. ती कडक पात्रता पुढे देशभराचे माप झाली. १९१० साली अब्राहम फ्लेक्सनर याने अमेरिकेतल्या वैद्यकीय शाळांची पाहणी प्रसिद्ध केली, तिच्यात हॉपकिन्स हा नमुना होता. त्या मापाला न उतरणाऱ्या शाळा भराभर बंद पडल्या. त्यांत पुष्कळ भोंदू दुकाने होती, हे खरे. पण काळ्या विद्यार्थ्यांच्या सातपैकी पाच शाळाही गेल्या, आणि बाल्टिमोरचे ते स्त्रियांचे महाविद्यालय त्याच वर्षी बंद झाले. चार वर्षे आधी पदवी, मग चार वर्षे वैद्यक, हा खर्च गरिबाच्या मुलाला झेपणारा नव्हता. म्हणजे मेरी गॅरेटची एक अट स्त्रियांना आत घेत होती आणि दुसरी अट किती तरी जणांना, त्यांत किती तरी स्त्रियांना, बाहेर ठेवत होती. माप उंच केले म्हणून ते चुकले असे मी म्हणणार नाही. अर्धशिक्षित डॉक्टरच्या हातून मरणाराही गरीबच असतो. चूक मापात नव्हती, अटीत जे लिहिले नाही त्यात होती. पत्रात ‘स्त्री’ हा शब्द आहे, ‘वर्ण’ हा शब्द नाही. आणि तो सुचण्यासारखा नव्हता असेही नाही. हॉपकिन्सने आपल्या रुग्णालयात लिंग, वय, वर्ण न पाहता गरीब रुग्णांना घ्यावे असे १८७३ सालीच लिहिले होते, जरी खाटांचे विभाग वेगळेच राहिले. प्रॅटच्या ग्रंथालयाचे दार १८८६ पासून गोऱ्याकाळ्या सर्वांना उघडे होते. वर्णाचा भेद न मानता देण्याची भाषा त्याच शहरात, त्याच दशकांत लिहिली जात होती. मेरीने ती आपल्या अटींत घेतली नाही. लिहिलेल्या अटीची ताकद किती हे जर तिच्या यशाने दिसते, तर न लिहिलेल्या अटीची किंमतही तिच्याच कागदावर दिसते. हॉपकिन्सच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पहिले काळे डॉक्टर १९६७ साली पदवीधर झाले.

बाकीचे गॅरेट पुढील प्रकरणांत येतील. हॅरिसनचा मुलगा रॉबर्ट १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये थाळीफेक आणि गोळाफेक जिंकून आला, आणि सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत हे घराणे आज बहुधा एवढ्यासाठीच उरले आहे. त्याने मुलांच्या क्रीडांगणांसाठी बाल्टिमोरमध्ये जे काम केले ते थाळीपेक्षा दूर गेले असे माझे मत. मेरीने पुढे ब्रिन मॉर महाविद्यालयाला वर्षाला दहा हजार डॉलर देऊ केले, केरी टॉमस अध्यक्ष होणार असेल तर, आणि ती १८९४ साली झाली. १९०६ साली मताधिकाराच्या चळवळीचे अधिवेशन बाल्टिमोरला भरले तेव्हा यजमानपण तिचेच. त्याच सुमारास तिने जॉन सिंगर सार्जंटकडून वेल्च, ऑस्लर, हॉल्स्टेड आणि केली या चार डॉक्टरांचे भव्य चित्र काढवून विद्यापीठाला दिले. चित्र जगप्रसिद्ध झाले. चित्रात चार पुरुष, एक मोठा पृथ्वीगोल आणि जुनी पुस्तके आहेत. बिल भरणारी बाई अर्थातच चौकटीबाहेर. १९१५ साली ती वारली.

वाचकांना एक विनंती करून थांबतो. हे पुस्तक चाळताना १८७७ चे प्रकरण गाळून थेट १८९३ वर उडी मारण्याचा मोह होईल, कारण दुसरे प्रकरण वाचायला सुखाचे आहे. तसे करू नये. दोन्ही प्रकरणांतले पैसे एकाच वहीत जमा झालेले आहेत, आणि त्या वहीची पाने इथे अनुक्रमानेच लावली आहेत.